पत्ते वाचले, डाव मागे राहिला : सावंतवाडी राजवाड्यातील गंजिफा, एक प्रकरण अभ्यास

सावंतवाडीच्या गंजिफाची हकीकत सहसा ऐनवेळी वाचलेल्या कलेची हकीकत म्हणून सांगितली जाते. ती खरी आहे, आणि ज्यांनी ती घडवली त्यांचे ऋण मोठे आहे. तरी तिच्यात एक गोष्ट बाजूला राहून जाते. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, हा मुळात खेळ होता. चितारी पत्ते रंगवत ते कुणीतरी वाटावेत, हातात धरावेत, टाकावेत म्हणून. सावंतवाडीच्या राजवाड्याने पत्ते वाचवले, रंगवणारे हात वाचवले. खेळणारे हात मात्र त्याच काळात जवळपास संपले. वास्तू, कारागीर आणि प्रेक्षक या तिघांकडे एकत्र पाहिले की हे कसे झाले ते कळते, आणि त्यावरचा उपायही त्याच वास्तूत आहे असे मला ठामपणे वाटते.

खेळ काय होता

गंजिफाचा भारतातला सर्वांत जुना आणि नेहमी दिला जाणारा दाखला बाबराच्या आत्मचरित्रातला आहे. 1527 साली त्याने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद तिथे सापडते. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त 12 रंगांच्या (रंग म्हणजे बदाम-इस्पिकसारखा पत्त्यांचा गट), म्हणजे 144 पत्त्यांच्या संचाचे वर्णन केले आहे. पुढे रूढ झाला तो आठ रंगांचा, 96 पत्त्यांचा मुघल संच: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. मुकुट, नाणी, तलवार, सेवक, वाद्य, दस्तऐवज, माल. एका दरबाराचा सगळा कारभारच त्या पत्त्यांवर उतरला होता.

हिंदू राज्यांत आणि देवळांच्या गावांत हाच खेळ दशावताराच्या अंगाने वाढला. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आकडी पत्ते, असे 120. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. नवग्रहांचा संच 108 पत्त्यांचा. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी तर एकोणिसाव्या शतकात याहून कितीतरी मोठे आणि गुंतागुंतीचे संच योजले.

खेळाचे नियम प्रदेशागणिक थोडे बदलतात, पण गाभा एकच. तीन भिडू. दशावतारी संचात प्रत्येकाला 40 पत्ते. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची उतारी, म्हणजे पहिली चाल; रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची. मुघल संचातही असेच, दिवसा सुर्ख आणि रात्री सफेद: सूर्याचे सोने आणि चंद्राची चांदी. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या अर्ध्यांत नेमके उलट, एक्का मोठा आणि दश्शी शेवटी. ब्रिज किंवा लाडीसमधल्यासारखा एखादा रंग हुकूम म्हणून निवडायची सोय यात नाही. कोणत्या रंगातला कोणता पत्ता पडून गेला, आता हातात उरलेला कोणता पत्ता त्या रंगात सर्वांत मोठा झाला, हे डोक्यात ठेवणे हाच खेळ. दहा रंग, दोन उलटसुलट गणना आणि शे-सव्वाशे पत्ते. ज्याची स्मरणशक्ती पक्की त्याचाच हात.

हे इतके सविस्तर सांगितले, कारण राजवाड्यात आज पत्ता पाहणाऱ्याला यातले फार थोडे कळते. आणि याच नियमांनी पत्त्याचे रूप घडवले आहे.

पत्ता असा का दिसतो

गोल पत्ता हातात धरून पाहिला की त्यामागचा विचार उलगडतो. एका हातात 40 गोल पत्ते पसरून धरले तर प्रत्येक पत्त्याची फक्त एक चंद्रकोर बाहेर दिसते. विलायती पत्त्यांना कोपरा असतो, कोपऱ्यात आकडा आणि बदाम-इस्पिक छापलेले असतात. गोल पत्त्याला कोपराच नाही. म्हणून चिताऱ्याने प्रत्येक रंगाला वेगळी जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, दिली: कुणाची लाल, कुणाची पिवळी, कुणाची हिरवी, कुणाची काळी. कडेची कोर दिसली की रंग ओळखला. गोलाला वर-खाली नसते, त्यामुळे पत्ता कसाही हातात आला तरी फिरवून लावायची कटकट नाही.

पाठ पाहा. ती एकाच रंगाची, बहुतेक लाल किंवा नारिंगी, लाखेने चकचकीत केलेली, तिच्यावर नक्षी नाही. हाताने रंगवलेल्या दोन फुलांत फरक राहतोच, आणि पाठीवर असा फरक राहिला तर मुरलेला खेळाडू चार डावांत पत्ते पाठीवरून ओळखू लागेल. सपाट पाठ हा त्यावरचा बंदोबस्त होता. आज पर्यटकाला ती पाठ साधी, अपुरी वाटते आणि तो पत्ता उलटून पुन्हा चित्राकडे वळतो.

जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून पत्त्याचा पुठ्ठा तयार होई. त्यावर खडूचा लेप, मग दगडाने घोटून गुळगुळीत करणे, गोल कापणे, जमिनीचा रंग, त्यावर आकृती आणि शेवटी लाखेचा हात. आता पाया म्हणून कागदी पुठ्ठा वापरला जातो, बाकीचा क्रम बराचसा तसाच. मत्स्याची सत्ती रंगवताना सात मासे वर्तुळात असे बसवावे लागतात की नजर पडताच सात कळावेत, आठ किंवा सहा वाटू नयेत. बारीक कुंचल्याने प्रत्येक माशाचा डोळा, कल्ला आणि शेपटीचा फाटा काढायचा, आणि तेही सहाव्या माशाला जितका वेळ दिला तितकाच सातव्याला देऊन. राजाचा पत्ता रंगवण्यात मान आहे. आकडी पत्ते रंगवण्यात शिस्त आहे. संचातले 100 पत्ते आकडी असतात आणि फक्त 20 राजा-प्रधानांचे, हे लक्षात घेतले तर कारागिराचे खरे कसब कुठे लागते ते दिसते.

वाडीतले चितारी

सावंतवाडीत चितार आळी आजही आहे. लाकडी फळे, खेळणी, पाट, देव्हारे, पाळणे यांच्यासाठी ती सगळ्या कोकणात माहीत आहे. पांगाऱ्याचे हलके लाकूड, लाखेचे रंग आणि चिताऱ्यांची पिढीजात बोटे यांवर हा बाजार उभा राहिला. गंजिफा याच बोटांचे काम. सावंत-भोसल्यांचे संस्थान, दरबार, देवस्थाने आणि सुखवस्तू घरे ही त्याची गिऱ्हाइके होती.

एकोणिसाव्या शतकात युरोपात रंगीत छपाई स्वस्त झाली आणि 52 पत्त्यांचे जोड जहाजांनी भारतात येऊ लागले. बेल्जियममधले तुर्नहूट गाव तर आशियासाठी पत्ते छापण्याबद्दल प्रसिद्ध होते. एका बाजूला काही आठवड्यांच्या हातकामाचा 120 पत्त्यांचा संच, दुसऱ्या बाजूला खिशात मावणारा, हरवला तर दुसरा घेता येणारा छापील जोड. शिवाय नवे खेळ सोपे, चौघांत बसून पटकन संपणारे. यात हरणार कोण हे ठरलेलेच होते. खेळ आधी मागे पडला, मग मागणी आटली, मग चिताऱ्यांची मुले दुसऱ्या कामांना लागली. हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे: कला अगोदर मेली नाही, खेळ अगोदर मेला.

राजवाड्याने काय केले

1970च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी हे काम हाती घेतले. तेव्हा ही विद्या अंगात असलेले वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी हयात होते. सत्वशीलादेवी त्यांच्याकडून ती शिकल्या, स्वतः रंगवू लागल्या आणि राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ नावाने कारखाना उभा राहिला. बडोद्याच्या गायकवाड घराण्यात वाढलेली राजकन्या वाडीच्या एका चिताऱ्यासमोर शिष्या म्हणून बसते आणि पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर न गेलेली पद्धत शिकून घेते, ही घटना मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. त्या क्षणी ती विद्या एका घराची न राहता गावाची झाली. नंतर स्थानिक तरुण-तरुणींना काम शिकवले गेले, आणि 2018 साली सत्वशीलादेवी गेल्यानंतरही राजवाड्यात रंगकाम चालू राहिले. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

यातला एक निर्णय इथे महत्त्वाचा आहे: काम राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये लोकांसमोर बसवणे. गावात एखादी शेड बांधता आली असती. त्याऐवजी ज्या दालनात पूर्वी मानकरी बसत, तिथे कारागीर मांडी घालून किंवा उतरत्या मेजावर वाकून पत्ते रंगवतात, आणि तिकीट काढून आलेला माणूस त्यांच्या शेजारून फिरतो. जुने संच, घराण्यातल्या वस्तू, छायाचित्रे आणि चालू काम एकाच छताखाली. म्हणजे हे संग्रहालयही आहे, कारखानाही आहे आणि दुकानही आहे.

या मांडणीचा फायदा झाला, हे निर्विवाद. मोती तलावासमोरचा राजवाडा पाहायला येणारा प्रत्येक जण गंजिफा पाहूनच जातो. निव्वळ पत्त्यांसाठी किती जण आले असते? वास्तूने कलेला प्रेक्षक मिळवून दिला, प्रेक्षकाने गिऱ्हाईक दिले, गिऱ्हाइकाने कारागिराचा पगार दिला.

वास्तू काय देते, काय घेते

राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरे, कमानींचे व्हरांडे. उन्हाळ्यात आत गारवा असतो आणि व्हरांड्यातून येणारा मऊ उजेड बारीक कामाला चांगला. चित्रकाराला हवे ते सगळे इथे आहे.

जुन्या पत्त्यांना हवे ते मात्र नाही. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता सहज 85-90 टक्क्यांवर जाते आणि जांभा ओल धरून ठेवतो. लाखेच्या पातळ थराला दमट हवा सोसत नाही. तो धुरकट पांढुरका होतो, आणि डब्यात एकावर एक ठेवलेले पत्ते उन्हाळ्याच्या उष्म्यात मऊ पडून एकमेकांना चिकटतात. जबरदस्तीने सोडवायला गेले की एका पत्त्याचा रंग दुसऱ्याच्या पाठीवर निघून येतो. चिंचोक्याची खळ आणि कापड हे तर कसरीचे आणि बुरशीचे खाद्यच. कागद-कापडावरच्या रंगकामासाठी संग्रहालये साधारण 50 लक्सच्या आत प्रकाश ठेवतात. चित्रकाराला त्याच्या कितीतरी पट उजेड लागतो. थोडक्यात, ज्या दालनात नवा पत्ता चांगला रंगतो त्याच दालनात जुना पत्ता लवकर म्हातारा होतो.

यावर फार खर्चिक इलाज लागत नाही. जुने संच आतल्या, भिंतीपासून सुटलेल्या कपाटात, प्रत्येक दोन पत्त्यांमध्ये आम्लरहित कागद घालून ठेवावेत, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर उघडून पाहावेत, आणि मांडणीत पत्ते आलटून पालटून ठेवावेत. संच पूर्ण मांडायला जागाही फार लागत नाही: सात सेंटिमीटरचा पत्ता आणि मध्ये एक सेंटिमीटर मोकळा धरला तर बारा पत्त्यांच्या दहा ओळी 96 बाय 80 सेंटिमीटरच्या मेजावर बसतात. एका नजरेत सगळा खेळ. पत्ता सुटा, चौकटीत लावला की देवाचे चित्र होतो. दहा ओळींत मांडला की पुन्हा पत्ता होतो.

व्हिटोरियाशी ताडून

इथे स्पेनमधल्या व्हिटोरिया शहरातले पत्त्यांचे संग्रहालय आठवते, कारण तिथलीही गोष्ट जुन्या वाड्याची आणि एका घराण्याची आहे. हेराक्लिओ फूर्निए याने 1868 साली व्हिटोरियात पत्त्यांचा छापखाना काढला. त्याचा नातू फेलिक्स आल्फारो फूर्निए याने जगभरचे पत्ते जमवले. 1970 साली इंग्लंडच्या डे ला रू कंपनीचा संग्रहही त्यात आला. 1980च्या दशकात फूर्निए कंपनी अमेरिकन मालकीची झाली, पण संग्रह आलाव्हा प्रांताच्या सरकारने घेतला होता, त्यामुळे तो शहरातच राहिला. 1994 पासून तो बेंदान्या वाड्यात, सोळाव्या शतकातल्या दगडी वास्तूत मांडलेला आहे. 2009 मध्ये शेजारी पुरातत्त्व संग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली आणि दोन्ही जोडली गेली. वीस हजारांहून अधिक जोड, छपाईचे दगड, यंत्रे असा तो ऐवज आहे.

तिथे पत्ते काचेमागे आहेत, आणि त्याने फारसे बिघडत नाही. कारण व्हिटोरियाचा माणूस संध्याकाळी त्याच चार रंगांनी ‘मुस’ खेळतो: सोन्याची नाणी, पेले, तलवारी, सोटे. चाळीस पत्त्यांचा तो जोड घराघरात आहे. पत्त्याच्या चौकटीतली रेघ नाण्यांच्या रंगात अखंड, पेल्यांच्या रंगात एका जागी तुटलेली, तलवारींत दोन जागी आणि सोट्यांत तीन जागी, म्हणजे पत्ता थोडासा सरकवला तरी रंग कळावा, हे त्याला बोटांनी माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वीचा जोड पाहताना तो आपल्या आजच्या जोडाशी ताडून पाहतो. खेळ बाहेर जिवंत असल्यामुळे संग्रहालयाला फक्त इतिहास सांभाळायचा आहे.

सावंतवाडीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. इथे पत्ते आजही बनतात, डोळ्यांदेखत बनतात, हे व्हिटोरियाच्या वाड्यात नाही. पण पाहणाऱ्याला खेळ येत नाही. त्याला जे येते ते वेगळे आहे, आणि ते कमी नाही: सिंधुदुर्गातल्या कुठल्याही माणसाला दशावतार माहीत असतात. जत्रेत रात्रभर दशावतारी नाटके पाहत तो वाढलेला असतो. वराह, नरसिंह, परशुराम त्याला मुकुटावरून, शस्त्रावरून ओळखता येतात. त्यामुळे तो पत्त्यापाशी येतो, देव ओळखतो, हात जोडतो किंवा कौतुक करतो, आणि पुढे जातो. तो ओळखतो राजाला. सत्तीला, नव्वीला तो पाहतच नाही. आणि त्याची मागणी जशी, तसा माल: एकेकटे अवतार, चौकटी, भेटवस्तू. यात कारागिराची चूक काढण्यात अर्थ नाही. पोट भरायचे तर विकले जाईल तेच रंगवावे लागते. पण वीस राजा-प्रधान विकले जात राहिले आणि शंभर आकडी पत्ते मागे पडत राहिले, तर एक पिढी अशी येईल जिला सात मासे वर्तुळात बसवायची सवयच राहणार नाही. खेळ हरवला म्हणून कला एकदा बुडाली होती. दुसऱ्यांदाही ती त्याच वाटेने पातळ होऊ शकते.

डाव मांडता येईल का

संग्रहालयांना वस्तू हाताळू द्यायला भीती वाटते, आणि ती रास्त आहे. हात लागला की झीज. जगातल्या बहुतेक पत्त्यांच्या संग्रहालयांना ही कोंडी सोडवता येत नाही, म्हणून ती छापील नक्कल ठेवतात. सावंतवाडीला ही कोंडीच नाही. झीज भरून काढणारा हात त्याच छताखाली बसलेला आहे. खेळून खेळून मत्स्याची सत्ती खराब झाली तर समोरचा कारागीर नवी सत्ती रंगवून देईल, अगदी पूर्वी चितार आळीत जसे करून घेता आले असते तसेच. आणि खेळातला पत्ता पुन्हा रंगवून देणे हे त्याच्यासाठीही जुन्या अर्थाने काम असेल: वापरासाठी रंगवलेला पत्ता.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दरबार हॉलच्या एका कोपऱ्यात बैठक घालावी, तिच्यावर खेळायचा संच ठेवावा. भेटवस्तूचा मोठा संच नको. हातात मावेल असा लहान, मजबूत, पाठीला लाखेचे जादा हात दिलेला. पूर्ण 120 पत्त्यांचा डाव नवख्याला झेपणार नाही, तासन्‌तास चालेल. चारच रंग घ्यावेत, म्हणजे 48 पत्ते, तिघांना सोळा-सोळा. चारांत दोन रंग एका गणनेचे आणि दोन उलट गणनेचे असले, की एक्का कुठे मोठा आणि कुठे लहान हा गंजिफाचा पेच अर्ध्या तासात हाताला लागतो. राम आणि कृष्ण हे दोन रंग हवेतच, कारण दिवसाची आणि रात्रीची उतारी त्यांच्यावर आहे. उरलेले दोन रंग मुलांना निवडू द्यावेत. मासा आणि कासव निवडतील, असा माझा अंदाज.

दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, देवांची चित्रे जमिनीवर टाकायची कशी? हा आक्षेप मनापासून येतो, त्याला मान द्यायलाच हवा. पण ज्यांनी हे संच घडवले ती माणसे आपल्याइतकीच श्रद्धाळू होती आणि त्यांनी ते खेळायलाच घडवले. अख्खा डावभर अवतारांची नावे तोंडी येत राहतात, यात त्यांना अवमान दिसला नाही. बैठकीवर स्वच्छ चादर आणि मध्ये पाट ठेवला तर अवघडलेपण बरेच ओसरेल, आणि पाट वाडीतलाच मिळेल. दुसरा आक्षेप ‘पत्ते कुटण्या’चा. शाळेच्या सहलीला पत्ते शिकवायचे? इथे पैसा लावायचा प्रश्नच नाही, आणि शिकायची ती स्मरणाची कसरत. ज्या मुलाने 48 पत्त्यांपैकी कोणते पडून गेले ते लक्षात ठेवले त्याला गणिताच्या मास्तरांनी शाबासकीच द्यावी.

खरा अडसर वेगळा आहे: शिकवणार कोण? रंगवणारा कारागीर खेळणारा असतोच असे नाही, आणि त्याच्यावर हे दुसरे काम लादणेही बरोबर नाही. ओडिशात गंजप्पा या नावाने हा खेळ जुन्या मंडळींनी जपला आहे. तिथे पत्त्यांचे बनवणे आणि खेळणे यांची ताटातूट इतकी पूर्ण झाली नाही. नियम लिखित स्वरूपातही आहेत. गेल्या शतकात मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतभरच्या संचांवर आणि खेळावर बारकाईने काम करून ठेवले आहे. ओडिशातल्या एखाद-दोन जाणत्या खेळाडूंना पावसाळ्यात, पर्यटक कमी असताना, वाडीत बोलवावे. राजवाड्यातले दोन-तीन मार्गदर्शक आणि गावातल्या कॉलेजची चार-सहा मुले त्यांच्याकडून शिकतील. आणि मराठीत चार पानांची नियमपत्रिका तयार करावी, जी प्रत्येक विकल्या जाणाऱ्या संचाच्या डब्यात जाईल. आज घरी नेलेला सुंदर डबा बहुतेक वेळा दिवाणखान्यात मांडला जातो, कारण नेणाऱ्याला पुढे काय करायचे ते कळत नाही. ती चार पाने त्याला पाटाभोवती बसवू शकतात.

यश मोजायचे कसे, हे आधीच ठरवलेले बरे. तिकिटांच्या विक्रीवरून काही कळणार नाही, राजवाड्याला गर्दी होतेच. वर्षाअखेर तीन गोष्टी पाहाव्यात. पूर्ण संचांची विक्री सुट्या अवतारांच्या तुलनेत वाढली का? बैठकीवरच्या संचातले किती पत्ते झिजून बदलावे लागले? आणि मार्गदर्शक समोर नसताना, स्वतःहून डाव मांडणारे तीन भिडू गावात निघाले का? यातला दुसरा आकडा जितका मोठा तितके चांगले. तिसऱ्यासाठी सावंतवाडीतला एक गटही पुरेसा आहे, कारण हा खेळ एकट्याने येत नाही आणि तिघांना आला की चौथा आपोआप मागे बसून पाहू लागतो.